गच्चीवरचा फॅरेडे

सकाळी साडेसहाला आपल्या हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर बादली घेऊन उभं राहणारे लोक दोनच प्रकारचे असतात. एक, ज्यांना गरम पाणी मिळालं ते. आणि दुसरे, ज्यांनी पाच मिनिटं नळ सोडून वाट पाहिली, अर्धी टाकी वाया घालवली आणि शेवटी 'हर हर गंगे' करत थंड पाणीच अंगावर घेतलं ते. मी दोन वर्षं दुसऱ्या गटात होतो. म्हणून थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला विषय निवडायची वेळ आली तेव्हा आम्हाला फार डोकं खाजवावं लागलं नाही. गच्चीवरच्या सोलर गीझरच्या पाइपला टेम्परेचर सेन्सर लावायचा, आणि वायरलेसने चौथ्या मजल्याच्या जिन्यापाशी एक दिवा लावायचा. हिरवा म्हणजे या, लाल म्हणजे परत जाऊन झोपा. इतकं सोपं!

गच्चीवर प्लग पॉइंट नाही, म्हणजे बॅटरी आली. आम्ही अर्डुइनोचा उनो बोर्ड घेतला, सिनिअर लोकांचा लाडका एलएम-35 लावला, रेडिओ मॉड्यूल जोडलं आणि 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून रात्री अकराला सगळं गच्चीवर ठेवून आलो. सकाळी सातला ते मेलेलं होतं. नवी बॅटरी आणली, दुसऱ्या दिवशी तीही गेली. तिसऱ्या बॅटरीनंतर पार्टनरने खर्चाचा हिशोब मांडला आणि त्यापेक्षा प्रत्येकाला एक हीटर रॉड पडेल असं शांतपणे सांगितलं.

खरं सांगायचं तर मला बॅटरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं जास्त लागलं होतं. मी मराठी मीडियमचा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेलो. एम-थ्री दोनदा राहिलेला. लाप्लास ट्रान्सफॉर्म दिसला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. निदान हाताने काहीतरी करून दाखवू म्हणून प्रोजेक्टवर भिस्त होती, आणि तेही एका रात्रीत बंद पडत होतं. इंजिनिअरिंग हा आपला प्रांतच नव्हे की काय, असं वाटायला लागलं होतं.

अशा अवस्थेत लॅबमध्ये बसलेलो असताना लॅबच्या काकांनी ड्रॉवर उघडून माझ्या हातावर मिरीएवढा एक काळा मणी ठेवला. दोन पाय, ना ब्रँड, ना नाव. थर्मिस्टर. काकांचं म्हणणं एवढंच की बॅटरीवर चालवायचं असेल तर आधी हा बघ, हा खूप जुना आणि गरीब माणूस आहे. किती जुना, हे बघायला मी लायब्ररीत गेलो आणि वाचताना एकदम थांबलो. गरम केल्यावर ज्याचा रोध कमी होतो असा पदार्थ 1833 साली लंडनमध्ये पहिल्यांदा नोंदवला तो मायकेल फॅरेडेने! दोन नियम, पाच मार्क, एवढीच त्याची आणि माझी ओळख होती. तो आठवडा मी फॅरेडे वाचण्यात घालवला. आमचा प्रोजेक्ट आज चालतोय तो त्या आठवड्यामुळे, म्हणून त्याची गोष्ट तुम्हालाही सांगतो.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन भागातला. वडील लोहार, तब्येतीने अधू. घरात चार मुलं आणि पैशाची कायमची ओढाताण. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि थोडा हिशोब, बस्स. तेराव्या वर्षी, 1804 मध्ये, तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच बाइंडिंग शिकायला राहिला. करार सात वर्षांचा. आपल्याकडे सायकलच्या दुकानात पोरगं ठेवतात ना, तसंच.

पण हे पोरगं पुस्तकं नुसती शिवत नव्हतं, वाचतही होतं. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड बांधायला आला, त्यातला विजेवरचा लेख त्याने वाचून काढला. जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूपी पुस्तक त्याच्या हाती लागलं. वाचलेलं खरं आहे का हे तपासायला तो जमेल तेवढे प्रयोग स्वतः करून बघायचा. मालकही भला माणूस, दुकानात हे उद्योग चालू द्यायचा. गावात टेटम नावाच्या गृहस्थांची विज्ञानावरची व्याख्यानं चालत, एका व्याख्यानाला एक शिलिंग. तो शिलिंग मोठा भाऊ रॉबर्ट द्यायचा. तोही लोहारच. प्रत्येक घरात असा एक दादा असतो ज्याचं नाव कुठल्या सर्टिफिकेटवर येत नाही.

1812 मध्ये त्याने स्वतःची पहिली बॅटरी बनवली. सात हाफपेनी नाणी, जस्ताच्या पत्र्याच्या सात चकत्या, आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे. एवढ्या उतरंडीवर त्याने मॅग्नेशियम सल्फेटचं विघटन करून दाखवलं. नाणी म्हणजे खिशातला खुर्दा! हे वाचलं तेव्हा आमच्या तीन मेलेल्या बॅटऱ्या टेबलावर होत्या. आम्ही त्या दुकानातून आणल्या, लावल्या, फेकल्या. आत काय असतं हे बघायचं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

त्याच वर्षी विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा रसायनशास्त्रातला सुपरस्टार. फॅरेडेने चार व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती आकृत्यांसकट स्वच्छ उतरवली, स्वतः बाइंड केली आणि ते पुस्तक डेव्हींना पाठवून नोकरी मागितली. लगेच जागा नव्हती. पुढे तिथला एक सहाय्यक भांडणामुळे निघाला आणि 1 मार्च 1813 ला फॅरेडे रासायनिक सहाय्यक म्हणून रुजू झाला. राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या. म्हणजे थोडक्यात, लॅब असिस्टंट. आपल्या काकांची पोस्ट!

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डेव्ही पती-पत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि फॅरेडेला बरोबर घेतलं. डेव्हींचा नोकर ऐनवेळी आला नाही, त्यामुळे ती कामंही याच्याच गळ्यात पडली. डेव्हीबाईंनी त्याला बरोबरीने कधी वागवलंच नाही. दीड वर्ष तो हे सोसत राहिला, पण त्याच प्रवासात त्याने पॅरिसला अँपिअर पाहिला आणि इटलीत म्हाताऱ्या व्होल्टाला भेटला. अँपिअर, व्होल्ट आणि पुढे फॅरड. आपल्या मीटरवरची ही माणसं एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेली आहेत, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

1821 हे वर्ष त्याला गोड आणि कडू दोन्ही गेलं. जूनमध्ये सारा बर्नार्डशी लग्न झालं. सप्टेंबरमध्ये त्याने चुंबकाभोवती विद्युतवाहक तार गोल गोल फिरवून दाखवली. ही जगातली पहिली मोटर म्हणायला हरकत नाही. पण निबंध घाईत छापला आणि त्यात वोलास्टन यांचा उल्लेख राहिला. त्यांनी अशाच विषयावर डेव्हींबरोबर विचार केला होता. झालं, कल्पना चोरल्याचा बोभाटा सुरू. 1824 मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलोसाठी त्याचं नाव आलं तेव्हा खुद्द डेव्हींचा विरोध होता. तरी तो निवडून आला. ज्याने हात धरून आणलं तोच आडवा येतो, तेव्हा कसं वाटत असेल? फॅरेडेने मात्र डेव्हींबद्दलचा आदर सोडला नाही. मी यातून एक धडा घेतला : कोणाकडून काय घेतलं ते आधीच लिहून टाकावं. थर्मिस्टर काकांच्या ड्रॉवरमधला, आकडेमोड पार्टनरची, सोल्डरिंग माझं. झालं लिहून.

29 ऑगस्ट 1831 ला त्याने लोखंडी कड्यावर दोन बाजूंना दोन वेटोळी गुंडाळली. एकात बॅटरीची वीज सुरू किंवा बंद केली की त्या क्षणापुरता दुसऱ्यात प्रवाह दिसायचा. ऑक्टोबरमध्ये नुसता चुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करून वीज मिळाली. जगातले जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर इथून निघाले. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र त्यानंतरच्या दोन वर्षांत तो जे करत होता ते जास्त जवळचं वाटतं.

1833 मध्ये तो कुठला पदार्थ वीज वाहून नेतो आणि कधी, याची एकेक करून तपासणी करत होता. धातू तापला की वीज कमी वाहते, हे डेव्हींनी आधीच दाखवलं होतं. फॅरेडेने सिल्व्हर सल्फाइडचा तुकडा सर्किटमध्ये घेतला आणि खाली दिवा धरला. सुई खाली जाण्याऐवजी वर गेली! दिवा काढला, वहन पुन्हा कमी झालं. दिवा आणला, पुन्हा वाढलं. असं का होतं हे त्या काळी कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण इलेक्ट्रॉनचाच शोध लागायला अजून साठेक वर्षं होती. तरी त्याने न पटणारं रीडिंग खोडलं नाही. जे दिसलं ते लिहिलं आणि छापलं. सेमिकंडक्टरच्या इतिहासात ही पहिली नोंद मानतात. कामाचे थर्मिस्टर बाजारात यायला 1930 चं दशक उजाडलं.

आपण प्रॅक्टिकलला रीडिंग ग्राफवर बसलं नाही तर काय करतो, हे मी इथे लिहीत नाही. सर वाचणार आहेत.

आता आमच्या मण्याकडे येतो. सेन्सर निवडताना आमची चूक ही होती की आम्ही ॲक्युरसीच बघत होतो, बॅटरी मरताना किती व्होल्टवर असेल हे बघतच नव्हतो. दोन पेन्सिल सेल नवे असताना 3.2 व्होल्टच्या आसपास देतात आणि संपत संपत 2 च्या खाली येतात. एलएम-35 ला किमान 4 व्होल्ट लागतात, म्हणजे तो पहिल्या दिवसापासूनच बाद. डीएस18बी20 छान डिजिटल आहे, झोपेत 1 मायक्रोअँपिअरच्या आतच घेतो, पण त्याला किमान 3 व्होल्ट हवेत आणि 12 बिटचं एक माप घ्यायला 750 मिलिसेकंद लागू शकतात. तेवढा वेळ साधारण 1 मिलिअँपिअर चालू. टीएमपी102 खरोखर गुणी आहे, 1.4 व्होल्टपर्यंत चालतो आणि काम करतानाही 10 मायक्रोअँपिअरच्या पुढे जात नाही. कॅलिब्रेशनची कटकट नको असेल त्यांनी तो खुशाल घ्यावा. आम्ही मणी घेतला, कारण त्याला किमान व्होल्टेज अशी भानगडच नाही. 25 अंशांना 10 किलोओहम, 60 अंशांना सुमारे अडीच किलोओहम. बरोबर 10 किलोओहमचा रेझिस्टर लावून डिव्हायडर केला, आणि एडीसीला रेफरन्स म्हणून तीच बॅटरी दिली. बॅटरी उतरली तरी दोन्हीकडे सारखीच उतरते, त्यामुळे गुणोत्तर तेच राहतं आणि रीडिंग हलत नाही.

सिल्व्हर सल्फाइडनंतर फॅरेडेने इलेक्ट्रोलिसिसचे दोन नियम मांडले, 1833-34 च्या सुमारास. जेवढी वीज गेली तेवढ्याच प्रमाणात पदार्थ सुटा होतो, आणि किती सुटतो हे त्या पदार्थाच्या रासायनिक तुल्यभारावर ठरतं. इलेक्ट्रोड, अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्दही तेव्हाचेच, व्ह्यूवेल नावाच्या विद्वानाच्या मदतीने बनवलेले. बारावीत मी हे पाठ केलं आणि विसरलो. पण याचाच उलटा अर्थ असा की बॅटरीतून किती वीज निघणार हे आतल्या धातूच्या वजनावर ठरतं. 1 ग्रॅम जस्तातून जास्तीत जास्त 820 मिलिअँपिअर-तास निघतात, त्याच्या वर नाही. म्हणजे 2500 मिलिअँपिअर-तासांच्या पेन्सिल सेलमध्ये निदान 3 ग्रॅम जस्त हवंच. बॅटरीवरचा एमएएचचा आकडा म्हणजे मोजून दिलेलं जस्त आहे! ती महिन्याच्या सुरुवातीला घरून येणाऱ्या पैशांसारखी आहे. मधे वाढवून मिळत नाही, फक्त जपून खर्च करता येते.

मग आम्ही खर्च मोजला. उनो बोर्ड काही न करता 45-50 मिलिअँपिअर पितो. रेडिओ ऐकत बसला की आणखी तेरा-चौदा. चौकोनी बॅटरी सुमारे 500 मिलिअँपिअर-तासांची. भागाकार केला तर आठ तास येतात. रात्री अकरा ते सकाळी सात! बॅटरी खराब नव्हती, दुकानदारही फसवत नव्हता. आम्हीच हिशोब केला नव्हता. मधे मी एक उपाय म्हणून बोर्ड काढून 7805 रेग्युलेटर लावला होता. तो बाबा स्वतःच 5 मिलिअँपिअरच्या आसपास खातो. पेन्सिल सेलच्या हिशोबाने तीन आठवड्यांत खेळ खलास, तेही काहीच न मोजता.

फॅरेडेच्या आयुष्यातही एक असा हिशोब आहे. 1830 च्या सुमारास खाजगी कारखानदारांसाठी रासायनिक तपासण्या करून त्याला चांगली कमाई होत होती. इंडक्शनचा शोध लागल्यावर त्याने ती कामं हळूहळू जवळजवळ सोडून दिली. जेवणावळी, मेजवान्या, बैठकाही टाळू लागला. लोकांना तो शिष्ट वाटला असेल. पण एका माणसाची ताकद ठरलेली आहे आणि ती कुठे घालवायची हे आपणच ठरवायचं, असं त्याचं गणित असावं. तरीही त्याने जास्तच ओढलं. 1840 च्या आसपास तो इतका थकला की डोकं दुखणं, चक्कर आणि विस्मरण यांनी हैराण झाला. 1841 मध्ये काही महिने स्वित्झर्लंडला जाऊन राहिला, डोंगरात पायी भटकला आणि काम बंद ठेवलं. पुढची दोन-तीन वर्षंही बेताचीच गेली. आणि मग 1845 मध्ये उठून चुंबकत्वाचा प्रकाशावर परिणाम होतो हे दाखवलं! झोप म्हणजे वेळ फुकट नाही, हे हॉस्टेलमध्ये रात्री तीनपर्यंत जागून काहीच न करणाऱ्या आपल्यासारख्यांनी लिहून ठेवावं.

आम्ही नोडला झोपायला शिकवलं. नुसती ॲटमेगा 328 चिप, रेग्युलेटर नाही, थेट दोन सेल. चिप झोपते, वॉचडॉग दर 8 सेकंदांनी हलवून उठवतो, ती मोजते आणि परत झोपते. अशा 38 हाका झाल्या, म्हणजे सुमारे 5 मिनिटं झाली, की एक माप घेऊन रेडिओवर पाठवते. झोपेतला खर्च चिप आणि रेडिओ मिळून 6 मायक्रोअँपिअरच्या आसपास. जागेपणी 15 मिलिअँपिअर, पण फक्त 20 मिलिसेकंद. 5 मिनिटांवर पसरवलं तर ते 1 मायक्रोअँपिअर होतं. एकूण 7.

आणि इथेच आम्ही पुन्हा फसणार होतो. थर्मिस्टरचा डिव्हायडर मी सरळ बॅटरीच्या दोन टोकांना जोडला होता. तो 25 अंशांना 150 मायक्रोअँपिअर घेतो, गरम पाण्याला 240 पर्यंत. म्हणजे सगळं सर्किट झोपलेलं, आणि गरीब म्हणवणारा मणी एकटाच वीस-तीस पट खातोय! सेल जेमतेम दीड वर्ष चालले असते. उपाय एका वायरचा निघाला. डिव्हायडरचं वरचं टोक बॅटरीऐवजी चिपच्या एका पिनला जोडलं. मोजायच्या वेळी पिन हाय, क्षणभर थांबा, मोजा, पिन लो. आता कागदावर चाळीस वर्षं येतात. अर्थात ती खरी नाहीत, त्याच्या कितीतरी आधी सेल आपोआपच म्हातारा होईल. पण म्हणजे आमचं सर्किट हे आता सेल मरण्याचं कारण उरलं नाही, आणि इंजिनिअरला एवढंच हवं असतं. वारंवार मोजत राहिलं तर मणी स्वतःच्याच विजेने किंचित तापतो, तीही चूक यात गेली. रेडिओ पाठवताना एकदम ओढ पडते, म्हणून बॅटरीला 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. फॅरड कोणाच्या नावावरून, ते सांगायला नको.

एक फजितीही सांगतो. पावसापासून वाचवायला आम्ही सगळं सर्किट घरून आणलेल्या स्टीलच्या डब्यात बसवलं. झाकण लावलं आणि सिग्नल गायब! अँटेना बदलली, कोड बदलला, एक संध्याकाळ गेली. जानेवारी 1836 मध्ये फॅरेडेने बारा फुटांची चौकोनी खोली बांधून बाहेरून धातूने मढवली, तिला जबरदस्त विद्युतभार दिला आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत कसलाच परिणाम दिसत नव्हता. फॅरेडे केज! आमचा डबा म्हणजे तीच खोली. चकलीच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवल्यावर काम झालं.

आता माझ्या दुखऱ्या जागेबद्दल. फॅरेडेला गणित येत नव्हतं. कॅल्क्युलस तर नाहीच, साधी समीकरणंही तो वापरत नसे. त्याच्या डोळ्यांसमोर होत्या त्या बलरेषा, चुंबकाभोवती पसरलेल्या लोखंडाच्या किसातून दिसतात तशा. रोजच्या प्रयोगांच्या नोंदींना तो क्रमांक द्यायचा आणि ते क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. हे वाचून मला आधी फार आनंद झाला. चला, एम-थ्रीची गरज नाही! पण गोष्ट तिथे संपत नाही. 1832 मध्ये त्याने रॉयल सोसायटीत एक सीलबंद कागद ठेवला, त्यात चुंबकीय परिणाम लाटांसारखे वेळ घेत पसरत असावेत असा अंदाज होता. तो सिद्ध करायला लागणारं हत्यार त्याच्याकडे नव्हतं. ते जेम्स क्लार्क मॅक्सवेलकडे होतं. चाळीस वर्षांनी लहान असलेल्या या पोराने फॅरेडेच्या रेषा गणितात बसवल्या, 1865 च्या निबंधात प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे असं दाखवलं, आणि 1880 च्या दशकात हर्ट्‌झने त्या लाटा प्रयोगशाळेत पाठवून पकडल्या. गच्चीवरून चौथ्या मजल्यावर येणारा आमचा सिग्नल ही त्याच लाटांची नातवंडं.

म्हणजे एकाने पाहिलं आणि दुसऱ्याने मांडलं. मॅक्सवेलच्या निबंधाने फॅरेडे चिडला नाही, तर त्याने गणितवाल्यांना आपले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगायची विनंती केली. आमच्याकडेही तेच झालं. थर्मिस्टरचा रोध सरळ रेषेत बदलत नाही, तापमान काढायला लॉगॅरिथम लागतो. मी बर्फाच्या पाण्यात आणि मेसच्या पातेल्यात मणी बुडवून केमिस्ट्री लॅबच्या थर्मामीटरशी ताडून रीडिंग घेतली. पार्टनरने त्यावरून स्थिरांक काढून तक्ता बनवला. आणि मग कधी नव्हे ते मी त्याला लॉगॅरिथम समजावून सांग म्हटलं. पहिल्यांदाच ते चिन्ह मला कागदावर नाही, पाइपवर दिसलं.

फॅरेडेची शेवटची वर्षं शांत गेली. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा समोर आलं, त्याने दोन्ही वेळा नको म्हटलं. सर पदवीही नाकारली. मुलांसाठीची ख्रिसमस व्याख्यानं मात्र 1827 ते 1860 या काळात एकोणीस वेळा दिली. एका साध्या मेणबत्तीवर त्याने अख्खी व्याख्यानमाला गुंफली. हळूहळू स्मरणशक्ती दगा देऊ लागली. जो माणूस नोंदींना नंबर देत जगला, त्याला कालचं आठवेना. त्याने हेही ओळखलं आणि एकेक काम स्वतःहून सोडत गेला. 1858 मध्ये राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्टला राहायला घर दिलं. तिथेच 25 ऑगस्ट 1867 ला त्याचं निधन झालं आणि हायगेटच्या दफनभूमीत साधेपणाने दफन झालं.

आमचा नोड दिवाळीच्या सुट्टीनंतर गच्चीवर चढला तो अजून खाली आलेला नाही. ऐकणारा रिसीव्हर जिन्यापाशी प्लगवर आहे, कारण कायम जागं राहण्याची चैन मेन्सवाल्यालाच परवडते. सेल अजून पहिलेच आहेत. व्हायव्हाला सरांनी मला एकच प्रश्न विचारला, पहिली बॅटरी का मेली? मी सांगितलं, आकड्यांसकट. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

काकांना मी फॅरेडेची पोस्ट काय होती ते सांगितलं. ते हसले आणि ड्रॉवरला कुलूप लावायला गेले. जाता जाता आणखी दोन मणी माझ्या हातावर ठेवून गेले.

एम-थ्रीचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. रोज रात्री पार्टनर तासभर शिकवतो, आणि बरोबर अकराला मी झोपतो. सकाळी साडेसहाला जिन्यापाशी दिवा बघायला जातो. हिरवा असला तर बादली, लाल असला तर लाप्लास.